हॅलो, मी अवतार बोलतेय... तुले काय व्हयनं?

माहीत आहे का? ज्या शब्दावर अख्खं व्हर्च्युअल जग उभं आहे, तो 'अवतार' आपल्या आजीच्या पोथीतून थेट कॉम्प्युटरमध्ये उतरलाय! 1985 मध्ये 'अल्टिमा 4' या गेमनं तो उचलला. 1986 मध्ये लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट'नं स्क्रीनवर फिरणाऱ्या माणसांना हेच नाव दिलं. मग काय, सगळं इंटरनेट अवतारमय! विष्णूचे दहा, स्मार्टफोनचे अगणित.

आता या अवतारानं पांढरा कोट घातलाय. स्क्रीनवर एक चेहरा येतो, 'कसं वाटतंय?' विचारतो, तुम्ही बोलताना मान डोलावतो. तुमचा आवाज कापला की त्याचा आवाज मऊ होतो. इंग्रजीत त्याचं नाव मालगाडीएवढं लांब आहे. मराठीत मात्र एक झकास शब्द केव्हाचा तयार आहे: मनकवडा. मनकवडा अवतार!

बॉस्टन, ऑकलंड, बेंगळुरू अशी या मनकवड्यांची गावं. पण धागा ओढत गेलं, की तो जळगाव-धुळ्यात कुठे कुठे निघतो ते बघाच. भुसावळ जंक्शनवर नाही का, कुठलीही गाडी भेटतेच!

धरणगाव ते एमआयटी, व्हाया फुलराणी

माहीत आहे का? जगातल्या पहिल्या गाजलेल्या 'डॉक्टर' चॅटबॉटची एक मराठी बहीण आहे, आणि तिच्या नावाचं माहेर जळगाव जिल्ह्यात आहे!

गोष्ट अशी. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाम यांनी एक प्रोग्रॅम जगापुढे मांडला. टाइप करून गप्पा मारणारा. त्याचं नाव एलायझा. हे नाव आलं बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातून. रस्त्यावर फुलं विकणारी, भाषेच्या प्रोफेसरांकडून 'शुद्ध' बोलायला शिकणारी एलायझा डूलिटल. ओळखीची वाटतेय? वाटणारच! पु. ल. देशपांडे यांनी 1975 मध्ये हेच नाटक मराठीत आणलं, 'ती फुलराणी'. एलायझाची झाली मंजुळा, आणि भक्ती बर्वे यांनी ती अजरामर केली.

आणि 'फुलराणी' हा शब्द ऐकल्यावर मराठी माणसाला कोण आठवतं? 'फुलराणी' ही कविता लिहिणारे बालकवी! त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म 1890, गाव धरणगाव, जिल्हा जळगाव. 'बालकवी' ही पदवीसुद्धा त्यांना जळगावातच मिळाली, 1907 च्या कविसंमेलनात. तेव्हा एलायझा ही मंजुळेची बहीण, आणि मंजुळेच्या 'फुलराणी' या नावात धरणगावची हिरवळ. आहे की नाही रिश्तेदारी?

मंजुळेचं सगळं दुखणं भाषेचं होतं, हे मात्र लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आता एलायझाची ट्रिक ऐका. तिच्या 'डॉक्टर' अवतारात ती मानसोपचार करणाऱ्या थेरपिस्टसारखी बोलायची. तुम्ही लिहा, 'माझं आईशी पटत नाही.' ती विचारणार, 'घरातल्या लोकांबद्दल आणखी सांगा.' बस्स! तिला आई म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ती तुमचेच शब्द पकडायची, वळवायची आणि प्रश्नचिन्ह लावून परत करायची.

तरी लोक फिदा! वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीबाईंना हा प्रोग्रॅम बनताना डोळ्यांसमोर दिसत होता. पण दोन-चार वाक्यं टाइप केल्यावर त्या साहेबांनाच म्हणाल्या, जरा बाहेर जाता का? खासगी बोलायचंय! मशीनमध्ये माणूस दिसण्याच्या या सवयीला आज 'एलायझा इफेक्ट' म्हणतात.

बोनस नगेट! 1972 मध्ये स्टॅनफर्डच्या मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी 'पॅरी' बनवला. हा संशयानं पछाडलेल्या पेशंटसारखा बोलायचा. त्याच वर्षी इंटरनेटची आजी असलेल्या आर्पानेटवर पॅरी आणि एलायझा यांची भेट घालून दिली गेली. डॉक्टर मशीन, पेशंटही मशीन. वेटिंग रूम रिकामी!

हं... हं... मग?

खानदेशात रात्री अंगणात खाटा टाकून गोष्ट ऐकलेल्यांना एक नियम पाठ असतो. ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणायचं. हुंकार थांबला की आजी समजायची, पोरगं झोपलं.

माहीत आहे का? मनकवड्या अवतारांचं सगळ्यात मोठं शस्त्र हाच हुंकार आहे!

अमेरिकेच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात 'एली' नावाची व्हर्च्युअल मुलाखतकार तयार झाली. पैसा लष्कराच्या 'डार्पा' या संशोधन संस्थेचा, काम युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मनाचा अंदाज घेण्याचं. खुर्चीत बसलेली, सौम्य चेहऱ्याची एली. कॅमेरा तुमची नजर, चेहरा, बसण्याची ढब टिपतो. माइक आवाजातले चढउतार आणि मधले पॉझ टिपतो. एली योग्य क्षणी मान हलवते आणि योग्य क्षणी 'हं' करते.

2014 च्या प्रयोगात तिच्याशी बोलणाऱ्या काहींना सांगितलं, पडद्याआड माणूस बसून एलीला चालवतोय. काहींना सांगितलं, हिच्यामागे कोणी नाही, निव्वळ कॉम्प्युटर आहे. कोण जास्त मोकळं बोललं असेल? कॉम्प्युटरवाले! त्यांनी स्वतःबद्दल कमी लपवलं, चेहऱ्यावरचं दुःखही जास्त उघडं केलं. कारण साधं. मशीन तोंड वाकडं करत नाही, आणि पारावर जाऊन सांगतही नाही.

ज्या गावात डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बसलेलं अर्धं गाव नात्यातलं असतं, तिथे या निष्कर्षाचं वजन मला फार वाटतं. 'अमक्याची सून मानसोपचारवाल्याकडे गेली' ही बातमी यावल ते फैजपूर पोचायला एसटीसुद्धा लागत नाही.

बॉस्टनची 'लुईस' घ्या. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचे टिमथी बिकमोर यांच्या टीमनं बनवलेली ही व्हर्च्युअल नर्स. काम एकच: डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटला घरी गेल्यावर काय करायचं, ते कॉटशेजारच्या स्क्रीनवरून समजावणं. चाचणीतल्या 74 टक्के पेशंटनी सांगितलं, डॉक्टर-नर्सपेक्षा हीच बरी! कारण? लुईसला घाई नव्हती. तीच गोळी, तीच वेळ पाचव्यांदा विचारली तरी ती पाचव्यांदा सांगायची, त्याच आवाजात.

हसू म्हणजे 6 अधिक 12

माहीत आहे का? तुमच्या हसण्याला नंबर आहे! 1978 मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी चेहऱ्याच्या हालचालींची कोडवही छापली. भुवई उचलली, एक नंबर. नाक मुरडलं, दुसरा नंबर. गाल वर जाणं म्हणजे 6, ओठांची टोकं वर ओढली जाणं म्हणजे 12. दोन्ही जमले की मनापासूनचं हसू. नुसता 12? फोटोपुरतं! लग्नाच्या अल्बममध्ये मोजून बघा, व्याह्यांचे किती 12 निघतात ते.

डोळ्यांत न पोचणारं हसू फसवं, ही गोष्ट ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरनं 1862 मध्येच लिहून ठेवली होती. म्हणून मनापासूनच्या हसण्याला आजही 'ड्यूशेन स्माइल' म्हणतात.

एकमन यांच्या गाजलेल्या यादीत मूळ भावना 6: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. चेहरा वाचणारी बरीच सॉफ्टवेअर याच सहा डब्यांत माणूस भरतात. आता आपल्या भरतमुनींचा स्कोअर बघा. नाट्यशास्त्रात 8 स्थायी भाव, 33 व्यभिचारी भाव आणि 8 सात्त्विक भाव. टोटल 49! सहाविरुद्ध एकोणपन्नास. मॅच एकतर्फी!

त्यातले 8 सात्त्विक भाव तर ऐकाच, कारण ही आजच्या सेन्सरची यादी वाटते. स्वेद म्हणजे घाम. मनगटी बँड त्वचेवरचा हाच बारीकसा घाम मोजतो. स्वरभंग म्हणजे आवाज फुटणं. माइकचं अर्धं काम तेच. वेपथू म्हणजे कंप. फोनमधला मोशन सेन्सर हजर! वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग पालटणं. हे तर कमालच: प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याचा रंग डोळ्याला दिसणार नाही इतका किंचित बदलतो, आणि साधा वेबकॅम त्यावरून नाडी मोजू शकतो. रोमांच, अश्रू, स्तंभ, प्रलय उरलेच. नटानं काय दाखवावं म्हणून लिहिलेला ग्रंथ मशीननं काय बघावं त्याचं गाइड ठरतो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

जळगावहून साधारण 60 किलोमीटरवर अजिंठा आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा 16 व्या लेण्यात जरा जास्त थांबा. तिथली 'मरणासन्न राजकुमारी' बघा. झुकलेली मान, गळून गेलेले खांदे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला ठाऊक होतं, दुःख नुसत्या चेहऱ्यावर नसतं, खांद्यांवरही असतं. एलीच्या कॅमेऱ्याला बसण्याची ढब वाचायला शिकवावं लागलं, ते याचसाठी.

मनगट बोललं!

या सगळ्या शास्त्राचं नाव पुस्तकावर झळकलं 1997 मध्ये. एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड यांचं पुस्तक, 'अफेक्टिव्ह कॉम्प्युटिंग'. भावना ओळखणारं कॉम्प्युटिंग.

त्यांच्याच लॅबमधला एक किस्सा. एका विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ ऑटिस्टिक, बोलू न शकणारा. त्याला ताण कधी येतो ते कळावं म्हणून विद्यार्थ्यानं सुट्टीत लॅबचे दोन बँड नेले आणि दोन्ही मनगटांवर एकेक बांधला. डेटा बघताना पिकार्ड चक्रावल्या. एका मनगटाचा आकडा आभाळाला भिडलेला, दुसरं मनगट गप्प! बँड बिघडला? छे. नंतर कळलं, त्याच सुमारास त्या मुलाला मोठी फिट आली होती. शोधायला गेले भावना, सापडली अपस्माराची खूण! त्यातूनच एम्पाटिका कंपनीचं फिट ओळखणारं घड्याळ आलं, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला मंजुरी दिली.

फटाफट आणखी दोन. 1990 च्या दशकाच्या शेवटी एमआयटीत सिंथिया ब्रेझील यांनी मोठे डोळे, हलणारे कान, रबरी ओठ असलेला एक रोबो-चेहरा बनवला. त्याला एकही शब्द कळत नसे, फक्त सूर कळे. लाडानं बोलाल तर खुलायचा, रागावलात तर मान खाली. अगदी पाळण्यातलं बाळ. त्याचं नाव किस्मेट, म्हणजे आपलं किस्मत!

आणि जपानचा 'पॅरो'. पांढराशुभ्र, मऊमऊ, सीलचं पिल्लू. कुरवाळलं की डोळे मिटून आवाज करतो, वृद्धाश्रमांत डिमेन्शियाच्या पेशंटच्या मांडीवर बसतो. 2002 मध्ये गिनेस बुकात नोंद: सर्वांत 'थेरप्युटिक' रोबो. सीलच का? मांजर-कुत्रं सगळ्यांनी पाळलेलं असतं, खोटं लगेच ओळखू येतं. सील कुणी पाळलाय?

हाच मुद्दा जपानचे मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्ये मांडला होता. बाहुली माणसासारखी होत गेली की आवडत जाते. पण जवळजवळ माणूस, तरी माणूस नाही, अशा टप्प्यावर अंगावर काटा येतो. आवडीचा आलेख धाडकन दरीत! सातपुड्याच्या दऱ्या पावसाळ्यात सुंदर दिसतात, मोरींची दरी मात्र बारमाही भीतीदायक. बेंगळुरूचं 'वायसा' ॲप बघा, मनाच्या गोष्टी ऐकायला तिथे चक्क पेंग्विन आहे! 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला 'ब्रेकथ्रू डिव्हाइस' हा दर्जा दिला. पेंग्विनसमोर रडायला लाज कसली?

डॉक्टर अनिता, ज्या कधी जन्मल्याच नाहीत

आता या आपल्या घरात. माहीत आहे का? एक डॉक्टर अशी आहे, जिला कोणी पाहिलेलं नाही, पण जिचा आवाज लाखो गरोदर बायांनी कानाला लावून ऐकलाय. नाव डॉक्टर अनिता. ही काल्पनिक व्यक्ती आहे!

केंद्र सरकारची 'किलकारी' ही फोनसेवा जानेवारी 2016 मध्ये सुरू झाली. गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीपासून बाळ वर्षाचं होईपर्यंत, आठवड्याला एक, असे एकूण 72 फोन. मोफत. त्या त्या आठवड्याला लागेल तीच माहिती: लोहाच्या गोळ्या, लसी, अंगावरचं दूध, धोक्याच्या खुणा. बीबीसी मीडिया ॲक्शनच्या मंडळींनी हे संदेश घडवले तेव्हा त्यांनी नुसती माहिती वाचून दाखवली नाही, एक व्यक्तिमत्त्व घडवलं. जाणकार, पण मायेनं बोलणारी डॉक्टरीण. फेब्रुवारी 2024 मध्ये 'किलकारी' गुजरातबरोबर महाराष्ट्रातही आली. म्हणजे चोपडा असो, साक्री असो की शिरपूर, फोन वाजतो, आणि चेहरा नसलेला अवतार बोलू लागतो.

बाईंची डबल ड्यूटी आहे बरं का! 'मोबाइल ॲकॅडमी' या फोनवरच्या कोर्समध्ये त्या आशाताईंनाही शिकवतात. शिकवण्याचा विषय असा की घरोघरी जाऊन आईशी बोलावं कसं.

खरं सांगायचं तर डॉक्टर अनिता मनकवड्या नाहीत. त्या बोलतात, ऐकत नाहीत. पण पुढचं पाऊल मुंबईत पडलंय. डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 मध्ये स्थापन केलेली 'अरमान' ही संस्था 'एममित्र' या नावानं अशीच फोनसेवा चालवते. कोणती आई फोन उचलणं बंद करणार, याचा अंदाज आधीच बांधणारी यंत्रणा त्यांनी गूगलच्या संशोधकांबरोबर उभी केली. मिलिंद तांबे त्या कामाचे म्होरके. मशीन बोट दाखवतं, 'ही ताई सुटतेय.' मग खऱ्या माणसाचा फोन तिला जातो. मला हे डिझाइन सगळ्यात आवडतं. मशीननं हेरायचं, माणसानं बोलायचं.

एक कामाची गोष्ट. किलकारीचा फोन येतो तो उपकेंद्रात नोंदवलेल्या नंबरवर. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी पारोळ्याला, आणि नोंदवलेला फोन जावयाच्या खिशात पुण्याला, असं झालं तर डॉक्टर अनिता जावयाला लोहाच्या गोळ्या घ्यायला सांगत बसतील! नाव नोंदवताना जिच्या पोटात बाळ आहे, तिच्या हातात राहणारा नंबर द्या.

सारा आठ भाषा बोलते. मराठी?

जागतिक आरोग्य संघटनेचेही अवतार आहेत. 2020 मध्ये 'फ्लॉरेन्स' आली, तंबाखू सोडवायला मदत करणारी. 2 एप्रिल 2024 ला 'सारा' आली, चोवीस तास आरोग्याबद्दल बोलणारी. या चेहऱ्यांमागे न्यूझीलंडची 'सोल मशीन्स' ही कंपनी. तिचे सहसंस्थापक मार्क सेगर यांना ऑस्करचे 2 तांत्रिक पुरस्कार मिळालेत. 'किंग काँग'चा चेहरा त्यांच्या तंत्रानं हलला, आणि दुसरा सिनेमा? ओळखा पाहू... 'अवतार'!

सारा सुरुवातीला 8 भाषांत बोलू लागली. संयुक्त राष्ट्रांच्या 6, शिवाय पोर्तुगीज आणि हिंदी. मराठीचा नंबर त्या आठांत नव्हता. अहिराणी तर फार दूरची गोष्ट.

इथे मंजुळा आठवा.

माहीत आहे का? आपली भाषा भावना सांगायला अख्खं शरीर कामाला लावते! भीती वाटली की पोटात गोळा येतो. वाईट बातमीनं छातीत धस्स होतं. काळजीनं जीव टांगणीला लागतो, धक्क्यानं हातपाय गळतात, वैतागानं डोक्याला ताप होतो. ही वाक्यं शब्दशः घेणाऱ्या अवतारासमोर उभी करा. 'पोटात गोळा आला' म्हटल्यावर तो सोनोग्राफी लिहून देईल, 'डोक्याला ताप' म्हटल्यावर पॅरासिटामोल!

आणि धुळ्याची आजी काय म्हणणार? 'माले कसंतरी व्हई राहिनं.' जळगावकडची लेवा बोलीतली मावशी म्हणणार, 'मले कसंतरी होऊ राहिलं.' या 'कसंतरी'मध्ये काय काय असू शकतं? चक्कर, मळमळ, शुगर उतरणं, हार्ट अटॅकची सुरुवात, किंवा मुंबईला गेलेल्या पोराचा आठ दिवसांत न आलेला फोन. खानदेशातले जुने फॅमिली डॉक्टर एका 'कसंतरी'वरून पाच प्रश्न विचारतात आणि उत्तराच्या सुरावरून ओळखतात. मशीनला तो सूर ऐकवलाच नाही, तर ते शिकणार कशावरून?

बोलणारे कमी आहेत म्हणावं, तर तेही नाही. 2011 च्या जनगणनेत खानदेशी या भाषागटात मोजलेले 18 लाख 60 हजारांहून जास्त, आणि त्यात सिंहाचा वाटा अहिराणीचा. अहिराणीला स्वतःचा आंतरराष्ट्रीय भाषा-कोडही आहे: ए-एच-आर. पासपोर्ट तयार आहे, गाडीच सुटायची बाकी आहे! केंद्र सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पानं 2022 पासून आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांवर काम चालवलंय. मराठी त्यात आहे. अहिराणी त्या अनुसूचीत नाही, म्हणून तिचे आवाज आपणच गोळा करायला हवेत.

आणि टेक्नॉलॉजी आमच्याकडची गोष्ट नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्याला दोन पत्ते द्या. एक, अमळनेर. आयटीतली बडी कंपनी विप्रो 1945 मध्ये तिथे जन्मली, वनस्पती तुपाच्या कारखान्यात! दुसरा, नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला याच गावात दिलं गेलं. मग पहिला अहिराणी आरोग्य-अवतार कुठे बोलावा? धुळ्यात की जळगावात, एवढाच काय तो वाद!

खानदेशचं पहिलं व्हॉइस-टू-टेक्स्ट

बहिणाबाई चौधरी, जन्म 1880, गाव आसोदे. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर ओव्या सुचायच्या, बोलीत. मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं ऐकून लिहून ठेवायची. बोलणाऱ्याचा सूर, उच्चार, शब्द न 'सुधारता'! 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या, 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं, आणि महाराष्ट्र थक्क झाला. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कवितांपैकी एकीचं नाव काय? 'मन'! आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. त्या वह्या झाल्या नसत्या, तर ते सगळं वाऱ्यावर गेलं असतं. बोलीचा डेटा जपणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

धुळ्याचाही पत्ता घ्या. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांचा मोठा खजिना आहे. समर्थांचे 'मनाचे श्लोक' किती? 205. मनाला उद्देशून! आजची थेरपी ॲप्स सांगतात, स्वतःच्या विचारांशी बोला. आपण ते संध्याकाळच्या परवच्यासोबत म्हणत आलोय.

ब्रेक लागलाच पाहिजे

चेहऱ्यावरून मन वाचता येतं का? 2019 मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो अभ्यास चाळून सांगितलं, भरवसा ठेवता येत नाही. माणूस रागात हसतो, आनंदात रडतो. लेक सासरी जाताना बापाच्या चेहऱ्याचा नंबर काय लावणार? 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या चेहरा-सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घेतली. युरोपनं 2 फेब्रुवारी 2025 पासून ऑफिसात आणि शाळेत भावना हेरणाऱ्या एआयवर बंदी घातली, अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कामाचा. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यानं एआयनं थेरपी देण्यालाच कायद्यानं मनाई केली. आणि लाखोंचा दोस्त झालेला चॅटबॉट 'वोबॉट'? 30 जून 2025 ला ॲप बंद! मनातलं सांगायला कुणी मिळालं, आणि एका तारखेला शटर खाली. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच.

पण लंडनचा एक अवतार मला भारी वाटतो. मानसोपचारतज्ज्ञ ज्युलियन लेफ यांनी 2008 मध्ये सुरू केलेली 'अवतार थेरपी'. ज्या पेशंटना कानात छळणारे आवाज ऐकू येतात, ते स्वतःच त्या आवाजाला स्क्रीनवर चेहरा देतात. मग थेरपिस्ट दुसऱ्या खोलीतून कधी त्या अवताराच्या आवाजात बोलतो, कधी स्वतःच्या. पेशंट त्या चेहऱ्याला ठणकावून सांगायला शिकतो, 'आता पुरे!' अवतार हळूहळू नमतो. 150 पेशंटच्या चाचणीत 12 आठवड्यांनंतर आवाजांचा त्रास नेहमीच्या समुपदेशनापेक्षा जास्त कमी झालेला दिसला. राक्षसाला तोंड दिलं, की त्याच्याशी बोलता येतं!

आता शेवटचं, आणि हे स्किम करू नका. 14416. मोबाइलमध्ये सेव्ह करा. 'टेलिमानस', 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली केंद्र सरकारची मनाच्या आरोग्याची हेल्पलाइन. मोफत, चोवीस तास, 20 भाषांत, आणि मराठी त्यात आहे. फोन लावल्यावर जे 'हं' ऐकू येतं, ते अवताराचं नाही, शिकलेल्या समुपदेशकाचं असतं. घरात कुणी 'माले कसंतरी व्हई राहिनं' म्हणालं आणि छातीत दुखत असेल तर 108, मन दुखत असेल तर 14416.